इतिहासाची प्रयोगशाळा

शाळेच्या वेळापत्रकात विज्ञानाच्या काही तासांपुढे 'प्रात्यक्षिक' असे लिहिलेले असते. इतिहासाच्या तासापुढे ते कधीच नसते. एखादे विधान पुस्तकात छापले आहे म्हणून खरे मानू नका, करून पाहा, असे विज्ञानाचे शिक्षक मुलांना सांगतात. निदान सांगायला हवे हे तरी सर्वांना मान्य असते. पुढच्याच तासाला इतिहासाचे पुस्तक उघडते आणि तिथे मात्र छापलेले वाक्य अंतिम ठरते. सनावळी, नावे, तहाची कलमे पाठ झाली की विषय संपला. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "पण सर, हे त्यांना कसं कळलं?"

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. हा प्रश्न आम्हाला ओळखीचा आहे, कारण आमचा सगळा व्यवसाय त्याच्यावरच चालतो. विद्यापीठात इतिहास शिकणे म्हणजेही खरे तर या एका प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत शिकणे. परंतु ही रीत विद्यापीठांत फार उशिरा आली, निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वाटांनी आली, आणि पुण्यात तर ती चक्क विद्यापीठाच्या बाहेर वाढली. ती कशी, हे या लेखात पाहू.

विद्यापीठे जुनी, इतिहास नवा

चिनी प्रवाशांच्या वर्णनांतून नालंदा येथील अभ्यासक्रमाची कल्पना येते. बौद्ध तत्त्वज्ञान, हेतुविद्या म्हणजे तर्कशास्त्र, शब्दविद्या म्हणजे व्याकरण, चिकित्साविद्या म्हणजे वैद्यक असे विषय तिथे होते. इतिहास नावाचा स्वतंत्र विषय त्यात नव्हता. युरोपातही तेच. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड या मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल शिकवत. पुढे धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक. रोमन इतिहासकारांचे ग्रंथ विद्यार्थी वाचत, पण चांगली लॅटिन यावी म्हणून.

याचा अर्थ इतिहास कोणी लिहीत नव्हते असा नाही. चीनमध्ये तांग दरबाराने इ. स. ६२९ मध्ये इतिहासलेखनाची स्वतंत्र कचेरीच उघडली होती. उत्तर आफ्रिकेतल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, ऐकीव माहिती कशी तपासावी, समाज कसे बदलतात, याचा विलक्षण विचार मांडला, आणि पुढे कैरोमध्ये अध्यापनही केले. आपल्याकडे राजदरबारी बखरी, तवारिखा, वंशावळी लिहिल्या जात. हे सगळे लेखन दरबाराच्या गरजेतून किंवा एकेका विद्वानाच्या प्रतिभेतून झाले. विद्यार्थ्याने पदवीसाठी अभ्यासावा असा हा विषय मानला जात नव्हता.

ऑक्सफर्डला १६२२ मध्ये विल्यम कॅम्डेनने प्राचीन इतिहासाचे अध्यासन स्थापन केले. १७२४ मध्ये राजा पहिला जॉर्ज याने ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे आधुनिक इतिहासाची अध्यासने दिली. राज्यकारभाराला आणि परराष्ट्र वकिलातींना शिकलेले तरुण हवेत हा त्यामागचा हेतू. तरीही केवळ इतिहास घेऊन पदवी मिळवण्याची सोय ऑक्सफर्डमध्ये १८७२ साली आणि केंब्रिजमध्ये १८७५ साली झाली. म्हणजे रसायनशास्त्र आणि इतिहास हे विद्यापीठीय विषय म्हणून जवळजवळ समवयस्क आहेत.

दोन खोल्या, एकच युक्ती

हे साम्य नुसत्या वयापुरते नाही. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग नावाचा एकवीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ जर्मनीतल्या गीसेन या लहानशा गावच्या विद्यापीठात रुजू झाला. तोवर प्राध्यापक प्रयोग करून दाखवत आणि विद्यार्थी पाहत. लीबिगने विद्यार्थ्यांच्याच हातात नळ्या आणि तराजू दिले. आजची शिकण्याची प्रयोगशाळा ती हीच.

१८२५ मध्ये लिओपोल्ड रांके बर्लिन विद्यापीठात इतिहास शिकवू लागला. त्याने पुढच्या काही वर्षांत निवडक विद्यार्थ्यांना जवळ बसवून नुसती व्याख्याने देण्याऐवजी जुने कागद वाचायला लावले. हा कागद कोणी लिहिला? कधी? घटना घडली तेव्हा तो तिथे होता का? खोटे लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का? दुसऱ्या कागदाशी हे जुळते का? व्हेनिसच्या वकिलांनी आपल्या सरकारला पाठवलेले गुप्त अहवाल हे रांकेचे आवडते साहित्य होते. ते त्याच वेळी, कामासाठी लिहिलेले असत. चर्चेच्या या वर्गाला 'सेमिनार' म्हणू लागले.

प्रयोगशाळा आणि सेमिनार या दोन खोल्यांत एकच युक्ती होती. ज्ञानाचा निष्कर्ष विद्यार्थ्याला देण्याऐवजी ते मिळवण्याची कृती त्याच्या हाती द्यायची. ही पद्धत झपाट्याने पसरली. १८८७ मध्ये लुडविग रीस हा रांकेच्या परंपरेतला तरुण जर्मन टोकियोच्या विद्यापीठात इतिहास शिकवायला गेला, आणि जपानी विद्वानांची कागदपत्रे जमवण्याची जुनी परंपरा व ही नवी पद्धत यांचा तिथे मेळ बसला.

पुण्यातली उलटी वाट

पुण्यात १८२१ साली इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्यातली महाविद्यालये त्याला जोडली गेली. पदवीच्या अभ्यासात इतिहास होता, पण मुख्यतः इंग्लंडचा आणि ग्रीस-रोमचा. तोही इंग्रजी ग्रंथांवरून वाचायचा आणि परीक्षेत लिहायचा. शनिवारवाड्याच्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ट्यूडर राजांची वंशावळ येई. पण वाड्यात लिहिला गेलेला एक कागद त्याने पाहिलेला नसे.

अपवाद होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तो ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि पुराणे यांचा एकमेकांशी ताळा घेऊन. पण भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक होते. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध केले, ते न्यायाधीशाची नोकरी सांभाळून.

खरा कच्चा माल होता तो दोन ठिकाणी. एक म्हणजे पेशवे दप्तर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सरकारी दप्तर ताब्यात घेतले. जमिनी, वतने, इनामे यांचे हक्क त्यावर ठरत, म्हणून त्यांनी ते जपले. आणि त्याच कारणाने बाहेरच्या माणसाला ते पाहू देण्यास सरकार कचरत असे. दुसरे ठिकाण म्हणजे गावोगावच्या वाड्यांतले माळे. सरदारांची, देशमुखांची, सावकारांची, उपाध्यांची घराणी कापडी रुमालांत बांधलेले कागद पिढ्यान्‌पिढ्या ठेवून होती. वाळवी, पाऊस आणि रद्दी हे त्यांचे तीन शत्रू.

हे कागद मोडीत होते. मोडी हात न उचलता लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शिवकालीन मोडी वेगळी, पेशवाईतली वेगळी. ती वाचता येण्यासाठी सराव लागतो. विद्यापीठ तो देत नव्हते.

मग दिला कोणी? ही नावे पाहिली तर मोठी गंमत वाटते. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले आणि जुन्या बखरी व पत्रे छापू लागले. त्याच्या संपादकांपैकी काशिनाथ नारायण साने हे शिक्षणक्षेत्रातले. पटवर्धन घराण्याचे कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून १८९७ पासून प्रसिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. 'मराठी रियासत' लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोद्याच्या राजपुत्रांचे शिक्षक. दत्तो वामन पोतदार हेही शाळेत शिकवणारे. महाराष्ट्रातला इतिहाससंशोधनाचा पाया बऱ्याच अंशी शाळामास्तरांनी घातला, हे या मासिकाच्या वाचकांनी विसरू नये.

या सगळ्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे वेगळेच रसायन. डेक्कन कॉलेजचे पदवीधर, पण विद्यापीठातल्या शिक्षणाविषयी त्यांचे मत फार कडवट. इंग्रजी उत्तम येत असून त्यांनी मराठीतच लिहायचे ठरवले. गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरचे रुमाल सोडून त्यांनी कागद मिळवले, वाचले, छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. एकूण खंड झाले बावीस. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तिथे सभा भरत, कोणी मिळालेला कागद वाचून दाखवी, बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. रांकेचा सेमिनार पुण्यात भरला तो असा. ना पदवी, ना परीक्षा, ना पगार. राजवाडे स्वतः मंडळाशीही भांडून पुढे धुळ्याला गेले आणि तिथेच १९२६ च्या ३१ डिसेंबरला वारले.

एका तारखेची गोष्ट

या पद्धतीत नेमके काय करतात ते एका उदाहरणावरून पाहू. वर्गात सांगण्यासारखे ते आहे.

शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल १६२७, असे एकेकाळी सर्वत्र छापले जाई. त्याला आधार होता बखरींचा. शके १५४९, वैशाख महिना, असे त्यांतून येई. पण या बखरी घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या.

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी भोर संस्थानातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी मिळालेली एक शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे सालवार टिपणे. तिच्यात शिवजन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र.

आता ही नोंद तपासायची कशी? शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून शके १५५१ चा फाल्गुन येतो १६३० मध्ये. गणिताने ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० ला पडते. ही तारीख त्या वेळी इंग्रज वापरत त्या जुन्या, ज्यूलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगरियन पंचांगाने १ मार्च १६३०. त्या दिवशी वार कोणता येतो? ग्रेगरियन पंचांगात दर ४०० वर्षांनी वार जसेच्या तसे पुन्हा येतात. १ मार्च २००० रोजी बुधवार होता, म्हणून १ मार्च १६०० लाही बुधवार. पुढच्या तीस वर्षांत वार तीस घरे सरकतो आणि १६०४ ते १६२८ या सात लीप वर्षांमुळे आणखी सात, एकूण ३७. सातने भागल्यावर बाकी उरते दोन. बुधवारनंतर दोन दिवसांनी शुक्रवार. नोंदीतला वार जुळला!

नक्षत्राचे काय? फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो. महिन्याचे नावच त्यावरून पडले. चंद्र दररोज साधारण एक नक्षत्र पुढे जातो. उत्तरा फल्गुनीच्या पुढचे नक्षत्र हस्त. वद्य तृतीयेला चंद्र हस्तात असणे अगदी स्वाभाविक आहे. कोणी मनाने रचून लिहिले असते तर तिथी, वार आणि नक्षत्र ही तिन्ही अशी एकमेकांत बसणे अवघड होते.

पण अंतर्गत सुसंगती म्हणजे सत्य नव्हे. पंचांग जाणणारा माणूस सुसंगत खोटेही लिहू शकतो. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा. तो मिळाला. परमानंद या शिवकालीन कवीच्या संस्कृत 'शिवभारत' काव्यात हीच तिथी होती. तंजावरच्या ग्रंथालयातली त्याची पोथी पुण्याच्या संशोधकांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. राजस्थानातल्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात शिवाजी महाराजांची जन्मपत्रिका मिळाली, तीही याच तिथीची. मावळातला देशमुख, काव्य करणारा पंडित आणि दूरचा ज्योतिषी या तिघांनी संगनमत केले असण्याची शक्यता फार कमी. तरीही वाद अनेक दशके चालला. पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

पाठ करायला एक तारीख. ती ठरवायला तीन कागद, खगोलगणित आणि पिढीभराचा वादविवाद.

आधी जमवायचे की आधी विचारायचे?

पुण्याच्या या मंडळींचा कलकत्त्याच्या जदुनाथ सरकारांशी झालेला वाद प्रसिद्ध आहे. जदुनाथ एम. ए. झाले इंग्रजी साहित्यात, पण फारसी, मराठी शिकून मोगल आणि मराठ्यांच्या इतिहासाचे नामांकित पंडित झाले; १९२६ ते १९२८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूही. त्यांचे म्हणणे असे, की उशिरा लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रे, मोगल दरबारचे 'अखबार' आणि युरोपीय वखारींचे कागद यांवर भर द्यावा. पुण्याचे म्हणणे असे, की मराठी कागद अजून माळ्यांवर पडलेले आहेत. ते बाहेर येण्यापूर्वी निष्कर्ष काढण्याची घाई कशाला?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. आधी निरीक्षणे भरपूर जमवायची की आधी गृहीतक मांडून मग निवडक निरीक्षणे घ्यायची? उत्तर दोन्हींच्या मधे कुठेतरी असते. प्रश्नच नसेल तर जमवलेले कागद म्हणजे नुसता ढीग. आणि कागदच नसतील तर प्रश्न हवेत राहतो.

जदुनाथांचे पुण्याबाहेरचे स्नेही गो. स. सरदेसाई यांच्याकडे सरकारने पेशवे दप्तरातील निवडक कागद छापण्याचे काम सोपवले. पुण्यातल्या अनेकांना ते रुचले नाही. पण १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर पडले, आणि आज कोणत्याही पक्षाचा अभ्यासक ते वापरल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

१९३५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. त्या निमित्ताने पुण्यात देशभरच्या इतिहास-अभ्यासकांची परिषद भरली; अध्यक्ष होते अलाहाबाद विद्यापीठाचे शफाअत अहमद खान. भारतीय इतिहास परिषदेची सुरुवात तिथून मानतात. विद्यापीठांतले प्राध्यापक एका बिनविद्यापीठी मंडळाच्या दारात जमले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ १९४९ मध्ये मिळाले. १९६१ ते १९६४ या काळात त्याचे कुलगुरू होते मंडळाचे आधारस्तंभ दत्तो वामन पोतदार. बाहेर वाढलेली परंपरा अखेर अशी आत आली.

पोथी, नाणे, राख

कागद हा एकच पुरावा नव्हे. याच शहरात आणखी तीन प्रकारचे पुरावे वाचण्याच्या रीती घडल्या, आणि तिन्हींत विज्ञानाचा हात आहे.

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळले होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या गोळा झाल्या. नक्कल करताना लेखनिक चुका करतो, भर घालतो. ती चूक त्या पोथीच्या सगळ्या 'वंशजां'त उतरते. म्हणून चुका जुळवत गेले की पोथ्यांचे वंशवृक्ष मांडता येतात. जीवांच्या उत्क्रांतीचा वृक्ष आज जनुकांतल्या बदलांवरून काढतात, तोच हा तर्क. सुखटणकर १९४३ मध्ये वारले. काम १९६६ मध्ये पुरे झाले.

दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. संख्याशास्त्राचा एखादा खरा प्रश्न सोडवायला हवा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही, नुसत्या खुणा. कोसंबींचा विचार असा: टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजने जवळपास सारखी असतात. हातोहात फिरताना ती झिजतात. जितकी जास्त फिरतील तितके सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. म्हणजे तराजू हेच घड्याळ. हे खरे आहे का ते पाहायला त्यांनी चलनातली, साल छापलेली हजारो आधुनिक नाणी तोलली. मग तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांचा क्रम लावला. १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ आजही जगभर वाचला जातो. इतिहासाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

तिसरा पुरावा मातीतला. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले होते. ते १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया आले, समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर. नेवासे, जोर्वे येथील उत्खननांनंतर १९६८ ते १९८३ अशी सलग वर्षे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणले गेले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची ही वस्ती. जळालेल्या धान्यावरून पीक कळले, हाडांवरून गुरे आणि शिकार, कोळशातल्या कार्बन-१४ वरून वय. सुरुवातीची मोठी चौकोनी घरे जाऊन शेवटी लहान गोल झोपड्या येतात. हवा कोरडी होत गेली आणि शेती आटली, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. इथे कोणी एक अक्षर लिहून ठेवलेले नव्हते.

ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय?

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रुमालात कागद कोणाचे असतात? ज्यांच्याकडे वतन, पैसा आणि अक्षर होते त्यांचे. मंडळात जमणारे बहुतेक संशोधकही त्याच वर्गातले. पुण्यातच जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून पुराणकथांकडे जिंकलेल्यांच्या बाजूने पाहिले होते. त्यांचे सगळे निष्कर्ष आजचा अभ्यासक स्वीकारील असे नाही, पण हा इतिहास कोणी, कोणासाठी लिहिला, हा त्यांचा प्रश्न चुकवता येत नाही.

विद्यापीठांनी तो उचलला उशिरा, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दूरच्या विद्यापीठांनी. अमेरिकेच्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी इथे येऊन माणसांशी बोलून, लहानसहान पुस्तिका जमवून साधने उभी केली. फुल्यांच्या कार्यावरचा रोझालिंड ओ'हॅन्लन यांचा ग्रंथ १९८५ मध्ये केंब्रिजहून निघाला. जपानचे हिरोशी फुकाझावा पेशवाईतलेच कागद वाचायला बसले, पण त्यांनी लढायांऐवजी बलुतेदार, वेठबिगार, जातींवरचे राज्याचे नियम शोधले. पुणे विद्यापीठात अ. रा. कुलकर्णी यांनी १९६९ मध्ये शिवकालीन महाराष्ट्राच्या आर्थिक-सामाजिक जीवनावर ग्रंथ लिहिला. जुन्याच कागदांना नवे प्रश्न विचारले की ते नवे बोलतात.

याच सुमारास नायजेरियात इबादान विद्यापीठात केनेथ डिके आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या दिशेने याच प्रश्नाशी झुंजत होते. ब्रिटिशांचे कागद होते, पण आफ्रिकी समाजांचे स्वतःचे कागद फारसे नव्हते. म्हणून त्यांनी तोंडी परंपरा, वंशावळी, गाणी यांना साधन मानले. मात्र कागदाइतकीच कसून तपासणी करून. आपल्याकडच्या ओव्या, पोवाडे, देवस्थानांच्या आख्यायिका यांना हीच कसोटी लावता येते.

पुरावा वाचण्याची ही संस्कृती नाजूक असते. ५ जानेवारी २००४ रोजी, एका पुस्तकावरच्या संतापातून, भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. पुस्तके आणि पोथ्या फेकल्या, फाडल्या गेल्या. पुस्तक चूक असेल तर उत्तर कागदाने देता येते. पण उत्तर ज्यातून द्यायचे तो कागदच नष्ट झाला तर पुढच्या पिढीकडे नुसता आवाज उरतो. वाळवीचे कामही तेच, फक्त सावकाश चालते. शाळांतून मोडी कधीच गेली, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल अजून कोणी सोडून वाचण्याची वाट पाहत आहेत.

वर्गात काय करता येईल?

मोडी किंवा उत्खनन शाळेला झेपणार नाही. पण प्रत्येक शाळेत एक अस्सल दप्तर असतेच: कपाटातले जुने जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांच्या परवानगीने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या शंभर नोंदी घ्या. नावे, जाती उतरवू नका. फक्त जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख. जन्मतारखांचा महिनावार स्तंभालेख विद्यार्थ्यांना काढू द्या.

बारा महिन्यांत शंभर नोंदी वाटल्या तर दर महिन्याला आठ-नऊ यायला हव्यात. बहुतेक शाळांत जूनचा खांब इतरांच्या डोक्यावरून वर जाईल, आणि त्यातही '१ जून' ही एक तारीख पुन:पुन्हा दिसेल. आता मुलांना विचारा: गावातली इतकी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. उत्तर तेच आणतील. शाळा जूनमध्ये सुरू होई, जन्मतारीख आईवडिलांना ठाऊक नसे, आणि दाखल करून घेणारे गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून लिहीत.

मग पुढचा प्रश्न. रजिस्टर खोटे आहे का? दाखल झाल्याच्या तारखेपुरते ते खरे आहे. ती नोंद डोळ्यांसमोर झाली. जन्मतारखेपुरते ते भरवशाचे नाही. आणि त्या काळी घराघरांत जन्माची नोंद ठेवत नसत, हे त्या चुकीच्या तारखांनीच आपल्याला सांगितले. एकच कागद एका प्रश्नाला खरा साक्षीदार, दुसऱ्याला खोटा, आणि तिसऱ्याला त्याच्या चुकीमुळेच उपयोगी.

हे ज्या मुलाला नववीत उमगले, त्याला बर्लिनमध्ये १८२५ नंतर आणि पुण्यात १९१० नंतर काय शिकवले जात होते ते समजले. पुढे तो इतिहास घेवो की रसायनशास्त्र, "हे त्यांना कसं कळलं?" हा प्रश्न विचारायचा तो थांबणार नाही.